डोहाईच्या घाटावरचा जवारा

देवळात माणसं देवाला बघायला जातात असा तुम्हा नातवंडांचा समज असेल, ईशा आणि निखिल, तर तो मी आजच दुरुस्त करते. आमच्या बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी डोहाईचं देऊळ आहे. तिथं माणसं बैल बघायला जातात, जमीन बघायला जातात, निवडणुकीच्या आधी कोण कोणाच्या गाडीतून उतरतो ते बघायला जातात, आणि चैत्रातल्या नवरात्रात मुली बघायला जातात. डोहाई हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघत बसलेली असते. तिला चांदीचे डोळे बसवलेत, ते मिटत नाहीत. एवढा अनुभव असलेली बाई साऱ्या पंचक्रोशीत दुसरी नसेल.

देऊळ किती जुनं, हे विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. माझ्या लहानपणी तिथला पंडा, म्हणजे देवीची सेवा करणारा पुजारी, शाळेच्या मास्तरांना सांगायचा की गोंड राजानं बांधलं, आणि बायकांना सांगायचा की पांडवांनी एका रात्रीत उभं केलं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहून गेला. बाबा म्हणायचे, खांबांवरची नक्षी पाहता दोन्ही खोटं. आता तिथं समिती आहे, कमान आहे, कमानीला रंगीत दिवे आहेत आणि इतिहासाचा फलक आहे. माझ्या असं लक्षात आलंय की दर निवडणुकीला देऊळ थोडं आणखी प्राचीन होतं. तुम्ही मला मोबाइलवर पाठवलेल्या चित्रात तो सिमेंटचा वाघ आहे ना, त्याच्या तोंडात हात घालून माणसं फोटो काढतात, तो वाघ प्राचीन नाही. तो मागच्या आमदारांचा. नदी मात्र जिथल्या तिथं आहे, आणि देवळाखालचा तो काळा डोहही, ज्याच्यावरून देवीला नाव पडलं. भर चैत्रात वैनगंगा गुडघ्याएवढी होते, बैलगाड्या तिच्यातून जातात, पण त्या डोहात बांबू टाकला तरी तळ लागत नाही असं म्हणतात. मी टाकून पाहिलेला नाही.

मी सांगतेय ती गोष्ट माझी मॅट्रिकची परीक्षा झाली त्या चैत्रातली. आमचं घर गावात, रेल्वेच्या फाटकापासून आत, कौलारू, पुढं ओसरी आणि मागं विहीर. बाबा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते आणि इंग्रज गेल्याचं दुःख त्यांना इंग्रजांपेक्षा जास्त झालं होतं. त्यांनी जबलपूरहून जेवणाचं टेबल आणवलं होतं. त्या टेबलावर मीठ मागायचं ते इंग्रजीतच, असा नियम होता. मला आणि आईला ते वाक्य पाठ होतं. आजीनं, म्हणजे बाबांच्या आईनं, लुगड्याच्या पदराला मिठाची पुरचुंडी बांधून तो प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात काढला. ती टेबलाजवळ जमिनीवर पाट घेऊन बसायची आणि खालून बोलायची. पातोड्यांचा रस्सा चमच्यानं खाताना माझी तारांबळ उडाली की खालून आवाज यायचा, “खाय बाई, खाय. साहेब मेले, आता कोन पायते?”

मला बाबांनी नन लोकांच्या शाळेत घातलं होतं. ते मला ‘बेबी’ म्हणत. घरात अंधश्रद्धेचा वारा शिरू नये म्हणून त्यांनी फार काळजी घेतली. गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणायला निघाल्या की माझा इंग्रजी स्पेलिंगचा तास सुरू व्हायचा. नवरात्रात शेजारच्या बायका डोक्यावर जवारे घेऊन वाजतगाजत नदीकडे निघाल्या की खिडकी लावली जायची. मला इंग्लंडात वसंत ऋतूत कुठली फुलं येतात ते क्रमानं सांगता यायचं. ती फुलं मी आजतागायत पाहिलेली नाहीत. आणि जवारा म्हणजे नेमकं काय, त्याचं काय करतात, कोण कोणाला देतं आणि दिल्यावर काय होतं, यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. बाबांच्या या मेहनतीचं फळ त्यांना मिळायचं होतं. ते कसं मिळालं तेच सांगतेय.

परीक्षा झाल्यावर शाळेच्या मोठ्या सिस्टरनी बाबांना बोलावून सांगितलं की ही मुलगी हुशार आहे, हिला जबलपूरला कॉलेजात घाला, होस्टेल आहे. बाबांनी त्यांचे इतक्या सुंदर इंग्रजीत आभार मानले की सिस्टरना वाटलं त्यांनी होकारच दिला. घरी येऊन ते म्हणाले, मुलीला मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी पुरेसं असतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला एवढी वर्षं शिकवलं ते मी शिकावं म्हणून नव्हतं. आमच्याकडे लग्नात भांडी देतात, सायकल देतात, घड्याळ देतात. माझ्याबरोबर इंग्रजी देणार होते.

स्थळ लांजीकडचं होतं. मोठी शेती आणि धानाची गिरणी. त्यांच्या गिरणीतल्या चिन्नोर तांदळाचा वास म्हणे रस्त्यावरच्या बसमध्ये यायचा. मुलाचं नाव त्रिलोक. वडील वारले होते आणि घर, शेती, गिरणी, मुलगा हे सगळं त्याची आई चालवत होती. तिला सगळे मालकीणबाई म्हणत. घरी येऊन पोहे खात मुलगी बघणं बाबांना मागासलेलं वाटायचं. म्हणून असं ठरलं की रामनवमीच्या दिवशी, जवारे नदीत सोडतात त्या दिवशी, दोन्ही घरांनी सहज डोहाईला जायचं आणि तिथं सहज भेटायचं. या सहजपणाची तयारी आठ दिवस चालली होती.

आम्ही एका ठेकेदाराच्या जीपमधून गेलो. जीप कशी मिळाली हे विचारायचं नव्हतं. पुढं बाबा, मागं आई, आजी, मी, सुवाऱ्यांचा डबा, वाटाण्याच्या भाजीचं पातेलं आणि मला नेसवलेली आकाशी नायलॉनची साडी, जी माझ्यापेक्षा जास्त जागा घेत होती. सुवारी म्हणजे तुमची पुरी. रस्ताभर मोहाचा वास होता. झाडांखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. आई डबा मांडीवर धरून गप्प बसली होती. आई नेहमीच गप्प असायची, त्यामुळे तिचं गप्प बसणं कुणी मोजत नसे.

“अवं, पोरगी कशी बसली पाय,” आजी तिला म्हणाली. “जशी दाताच्या डाक्टरकडे चालली.”

“आई, प्लीज,” पुढून बाबा म्हणाले.

“मी कोठं काय म्हनलं? मी तं दाताचं बोलून राह्यलो.”

घाटावर जत्रा भरली होती. ढोल, मांदर, नारळाच्या राशी, गोडशेव, बांगड्या, पिपाण्या. मालकीणबाई पिंपळाच्या पारावर सतरंजी टाकून आधीच बसल्या होत्या. अंगानं भक्कम, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, उपास असल्यामुळे चेहरा कडक. शेजारी त्रिलोक. बेलबॉटम, डोळ्यांवर काळा चष्मा आणि केसांना इतकं तेल की माशा बसायच्या आणि घसरायच्या. आणि मागं त्याची धाकटी बहीण, माझ्याच वयाची, भाजलेले चणे खात.

तिचं नाव इथं येणार नाही. का, ते पुढं कळेल.

“अरे! तुम्ही इथे?” बाबा म्हणाले. त्यांनी हे आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, मी ऐकलं होतं.

“आलो बापा दर्शनाले,” मालकीणबाई म्हणाल्या आणि मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. “रंग ठीक हाय. इंग्रजी बोलते म्हनता?”

बाबांच्या चेहऱ्यावर दिवा लागला. ते त्रिलोककडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले की तुम्ही दोघांनीच थोडं बोला, हवामानाविषयी बोला, ऋतूविषयी बोला. त्रिलोकनं चष्मा काढला. त्याला दरदरून घाम फुटला होता. मला खूण झाली. मी सभ्यपणे विचारलं की या दिवसांत तुमच्याकडे उन्हाळा कसा असतो. मुलानं माझ्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

“यस,” तो म्हणाला. आणि मग हळूच, “माय, भूक लागली.”

“जवारे सरल्याबिगर जेवन नाई.”

त्या एका क्षणी मला त्याची दया आली पण ती फार टिकली नाही. कारण मालकीणबाई आईला विचारत होत्या की आखाजीचा मुहूर्त कसा वाटतो, आणि बाबा खिशातून पंचांग काढत होते. मुहूर्तापेक्षा इंग्रजी तारखेवर विश्वास असलेला माणूस आमच्या बाबांसारखा दुसरा नव्हता. पंचांगावरचा अविश्वास त्यांनी माझ्या लग्नापुरता बाजूला ठेवला होता. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. ती पुढच्याच महिन्यात होती. जबलपूरचं कॉलेज त्याच्यानंतर उघडायचं होतं, पण ते माझ्यासाठी उघडणार नव्हतं.

“माय, मी इले घाट दाखवून आनतो,” चणे खाणारी मुलगी म्हणाली आणि माझा हात धरून मला ओढत खाली घेऊन गेली. आमच्या मागून आजीही काठी टेकत उतरली आणि मधल्या पायरीवर बसून तिनं सुपारी काढली.

पाण्यापाशी बायकांची गर्दी होती. डोक्यावरच्या टोपल्या उतरवून त्या जवारे पाण्यात सोडत होत्या. नऊ दिवसांपूर्वी देवळाशेजारच्या बंद खोलीत गहू पेरलेले असतात. त्यांना उजेड दाखवत नाहीत, त्यामुळे ते हिरवे न होता हळदीसारखे पिवळे वाढतात. माझ्या आयुष्यात मी ते पहिल्यांदा जवळून पाहत होते. पाण्यावर पिवळ्या केसांसारखे तरंगत डोहाकडे निघाले होते.

“तुले लगन करायचं हाय का शिकायचं हाय?” तिनं विचारलं. मला असा सरळ प्रश्न त्या आधी कुणी विचारला नव्हता. मी सवयीनं इंग्रजीत उत्तर दिलं.

“मराठीत सांग ना बाई. नाई तं हिंदीत सांग.”

“शिकायचंय.”

“मंग आमच्या घरी काहून येऊन राह्यली?”

“मी कुठे येतेय? मला आणतायत.”

तिनं मान वळवून पाराकडे पाहिलं. “माहा भाऊ वाईट नाई,” ती म्हणाली. “दुधासारखा हाय. पन घरात बोलते ते मायच. तू आली तं माय तुले गिरनीवर बसवीन अन पोते मोजायले लावीन. मी मोजून राह्यलो ना तीन वर्सांपासून. सातवीतून काढलं मले.” तिनं उरलेले चणे नदीत टाकले, हात पदराला पुसले आणि एका बाईच्या टोपलीतून जवाऱ्याची मूठ उपटून घेतली. “माही जवारा होशीन?”

मला वाटलं, मैत्रीण होशील का असं काहीतरी विचारतेय. आमच्या शाळेत मुली एकमेकींना रिबिनी द्यायच्या, तसं काहीतरी. मी हो म्हणाले. तिनं मला हाताला धरून पुन्हा वर नेलं, थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी. डोहाई समोर होती, मिटत नाहीत त्या डोळ्यांनी बघत. तिनं माझ्या कानावर जवारा खोचला, मूठभर माझ्या हातात दिला आणि मी तिच्या कानावर खोचला. मग तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, “सीताराम, जवारा.”

“सीताराम, जवारा,” मी म्हणाले. शिष्टाचारात मी कधीच कमी पडले नाही. आजूबाजूच्या बायकांनी हात जोडले. एकीनं आम्हा दोघींच्या हातावर नारळाचा तुकडा ठेवला. मला सगळं फार गोड वाटलं.

आम्ही पाराकडे परतलो तेव्हा मुहूर्त निघाला होता. मालकीणबाईंनी मला जवळ बोलावलं आणि बोलावताना त्यांचा हात हवेतच थांबला.

“हे काय कानावर?”

“जवारा बदलला, माय,” मुलगी म्हणाली. “डोहाई मायच्या उंबऱ्यावर.”

ढोल वाजतच होते, पण आमच्या सतरंजीवर एवढी शांतता झाली की त्रिलोकच्या पोटातला आवाज ऐकू आला. बाबा इंग्रजीत विचारू लागले की काय झालं, कुणी मला सांगेल का. आजीनं पायरीवरून येऊन, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेत, सावकाश सांगितलं.

“काई नाई रे. तुही बेबी पोट्ट्याची बहीन झाली.”

आता तुम्हाला सांगते. आमच्या भागात दोघी मुलींनी किंवा दोघा मुलांनी देवीसमोर जवारा बदलला की ते नातं रक्ताहून घट्ट मानतात. ती तुमची जवारा, तिची आई तुमची आई, तिचा भाऊ तुमचा भाऊ. तिच्या घरी मरण झालं तर तुम्हाला सुतक. आणि एकमेकींचं नाव मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती ‘जवारा’ अशीच. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फक्त मलाच माहीत नव्हतं, कारण खिडकी लावलेली होती.

“नॉनसेन्स!” बाबा म्हणाले. “दोन गवताच्या काड्या कानात खोचल्या म्हणून—”

“गवत?” मालकीणबाई उभ्या राहिल्या. “मायच्या जवाऱ्याले गवत म्हनता?”

इथून पुढं जे झालं ते मी पुष्कळ वर्षांनी हसत सांगू शकले. त्या दोघांना एकच गोष्ट हवी होती. बाबांनाही लग्न हवं होतं, मालकीणबाईंनाही हवं होतं. जवारा खोटा ठरला की दोघांचं काम होणार होतं. पण बाबा त्याला खोटं म्हणाले की मालकीणबाईंच्या देवीचा अपमान व्हायचा, आणि मालकीणबाई त्याला खरं म्हणाल्या की त्यांचाच मुलगा माझा भाऊ व्हायचा. दोघं एकाच बाजूनं कडाकडा भांडत होते.

“तुमी मानत नाई तं पोरगी दाखवायले मायच्या देवळात काहून आनली?”

“मी इथे सीनरीसाठी आलो होतो!”

पंड्याला बोलावणं गेलं. तो अंगाला शेंदूर फासून आला. पंडा उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नसेल.

“साहब, जवारा तो जवारा है,” तो म्हणाला.

“पण मंत्र झाला का?” बाबांनी सरकारी आवाजात विचारलं.

“हाँ, मंतर तो नहीं हुआ. मतलब आधा हुआ, साहब.”

“आधा जवारा कोठं असते बापा?” मालकीणबाई कडाडल्या. “आधा भाऊ असते का?”

“नहीं माई, आधा भाई कैसे होगा. पूरा ही हुआ.”

“म्हणजे लग्न होऊ शकत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“साहब, मैं कौन होता हूँ कहनेवाला? होने को तो सब होता है.” मग त्यानं आजीकडे पाहिलं, सगळ्यात म्हातारी म्हणून. “काहो बाई, तुमी पायलं का?”

“पायलं ना,” आजी म्हणाली. “सुपारी खाऊन राह्यलो होतो.”

“मग थांबवलं का नाहीस?” बाबा ओरडले.

“मी? देवाच्या कामात मी हात घालू? तूच तं म्हनते, आई, तू मधात बोलू नको.”

आणि तेव्हा मालकीणबाईंच्या अंगात आलं. ते दरवर्षी यायचं, असं मला नंतर कळलं. गेल्या वर्षी बांधाच्या भांडणात आलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी पंचायतीच्या वेळी. अंबाडा सुटला, डोळे वर गेले, अंग गदगदा हलायला लागलं. ढोलवाले धावत आले आणि जोरात वाजवू लागले. पंडा तिच्या पायाशी लोटांगण घालून पडला, त्याला फार सुटल्यासारखं झालं असावं. निर्णय घ्यायला साक्षात देवी आली होती.

“मी डोहाई बोलतो!” मालकीणबाई घुमत म्हणाल्या. “जवारा मी जोडला, मीच तोडतो! पोरी, नाव घे तिचं! नाव घेतलं का तुटला! घे नाव!”

सगळी जत्रा आमच्याभोवती जमली. मला आजही तो उन्हाचा चटका आठवतो, नायलॉनच्या साडीत अंगाला चिकटलेला घाम आठवतो, आणि बाबांचा चेहरा. त्यांचा चेहरा उजळला होता. अंगात येण्याला ते हिस्टेरिया म्हणायचे, त्याचं स्पेलिंग मला त्यांनीच शिकवलं होतं. ते वाकून माझ्या कानाशी आले, ज्या कानावर जवारा होता त्याच्याशी, आणि इंग्रजीत म्हणाले की हे बघ, हा सगळा मूर्खपणा आहे, देवी म्हणते तसं कर.

मला फक्त एक नाव उच्चारायचं होतं. तीन अक्षरांचं साधं नाव, मालकीणबाईंनी सकाळपासून वीसदा हाक मारलेलं. ती समोर उभी होती. तिच्या कानावरचा जवारा उन्हानं मलूल झाला होता. ती काही खुणावत नव्हती, विनवत नव्हती. आईच्या देखत, देवीच्या देखत तिची काय गत होणार होती ते तिला ठाऊक होतं, आणि तरी ती माझ्याकडे नुसती बघत होती, मी काय करते ते. मी आज्ञाधारक मुलगी होते. आयुष्यात मी वडिलांना नाही म्हटलेलं नव्हतं, देवीशी तर माझा परिचयच नव्हता. मी तोंड उघडलं. माझ्या लक्षात आलं की नाव घेतलं तर मी तिच्या घरात जाईन आणि ती माझी कुणीच नसेल, आणि नाही घेतलं तर मी तिच्या घरात जाणार नाही आणि ती माझी असेल. एवढं गणित मला नन लोकांनी शिकवलं होतं. मी तोंड मिटलं.

“नाव घे!” देवी म्हणाली.

मी गप्प.

“बेबी!” बाबा म्हणाले.

मी गप्पच. ढोलवाले दमले. एकानं वाजवणं थांबवलं, मग दुसऱ्यानं. मालकीणबाई घुमत होत्या, पण ढोलाशिवाय घुमणं फार वेळ चालत नाही.

त्या शांततेत त्रिलोक उठला. त्यानं आमच्या सुवाऱ्यांचा डबा उघडला, पत्रावळीवर चार सुवाऱ्या आणि वाटाण्याची भाजी वाढून घेतली, माझ्यासमोर आला आणि दुसरी पत्रावळ माझ्या हातात दिली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर घाम नव्हता.

“घे बाई,” तो मला म्हणाला. “जेवून घे. कवाची उभी हायस.”

आमच्याकडे पोरगा बरोबरीच्या मुलीला बाई म्हणतो तो बहीण मानूनच. साऱ्या जत्रेनं ते ऐकलं.

“झालं,” आजी म्हणाली. “भावानं बहिनीले वाढलं. आता पंड्या, उठ तू मातीतून, कपडे झटक.”

पंडा उठला आणि म्हणाला की त्याचं पहिल्यापासून हेच मत होतं. मालकीणबाईंच्या अंगातली देवी कधी गेली ते कुणाला कळलं नाही, त्यांनी अंबाडा बांधला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, “घरी चाल, सांगतो तुले.” पण मग पदर खोचून त्यांनी मला स्वतःच्या हातानं भाजी वाढली. लेक म्हणून वाढणं भागच होतं. आणि मी अजूनही म्हणते, त्या बाईनं मला नंतर कधी लेकीपेक्षा कमी वागवलं नाही. घरी नेऊन तिनं आपल्या लेकीला दोन दिवस उपाशी ठेवलं, तेही तितकंच खरं. मी त्या घरात सून झाले असते तर त्या दोन दिवसांना शेवट नसता.

जवारा आता लांजीतच असते, नातवंडांत. परवा फोनवर मी तिला विचारलं की तुला तेव्हा खरंच सगळं ठाऊक होतं ना? ती हसायला लागली. “मायनं करवलं,” म्हणाली. कुठल्या मायनं, ते तिनं सांगितलं नाही. तिला दोनदा प्लास्टर घातलेलं आहे, एकदा गुडघ्याला, एकदा मनगटाला. दोन्ही वेळा मी तिच्या उशाशी होते, आणि दवाखान्यातल्या नर्सनं पेशंटचं नाव विचारलं की मला बाहेर जाऊन कुणालातरी बोलावून आणावं लागलं. नर्सला वाटलं, म्हातारीला विसरायला होतं.

आम्ही परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. आजी झोपली होती किंवा झोपल्यासारखं करत होती. बाबा पुढं ताठ बसले होते. त्यांची मान मागून अशी दिसत होती की मला वाटलं, घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. रेल्वेचं फाटक बंद होतं. जीप थांबली. बराच वेळ कुठल्याही गाडीचा आवाज येईना.

“जबलपूरच्या त्या कॉलेजात होस्टेलला जागा मिळते का?” बाबांनी समोरच बघत विचारलं. लांजीच्या वाटेवर आता मला कुणी करून घेणार नव्हतं. एका दुपारीत शे-दोनशे लोकांसमोर मी देवीची आज्ञा मोडली होती. अशा मुलीचं काय करायचं याचा विचार ते करत होते. पुढं आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मुलीला बाहेर शिकायला पाठवणारे ते आमच्या गल्लीतले पहिले. ते खोटं नव्हतं.

“मिळते, बाबा. सिस्टर म्हणाल्या.”

“सामान बरंच लागेल,” ते म्हणाले. “अंथरूण, पांघरूण.”

“गादी भरून ठेवली हाय,” आई म्हणाली.

आम्ही सगळेच वळलो. सकाळपासून तिनं काढलेला हा पहिला शब्द होता. आजीनंही एक डोळा उघडला.

“कधी?” बाबांनी विचारलं.

“पंधरा दिवस झाले. नवा कापूस घातला.”

“ती लग्नासाठी भरली होतीस ना?”

फाटकावरून मालगाडी जायला लागली. काळ्या मँगनीजनं भरलेले डबे एकामागून एक जात राहिले. शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, जीप सुरू झाली, तेव्हा आईनं मांडीवरचा रिकामा डबा नीट धरला आणि म्हणाली,

“गादीले काय समजते, कोनाकडे जाऊन राह्यली ते.”